वीज आली, राउटर उठला, मेश मात्र उठली नाही

"अरे, कॅमेरा परत गेला बघ." दिंडोरीकडच्या द्राक्षमळ्यावरून आप्पांचा फोन आला की पहिलं वाक्य हेच असायचं. माझं उत्तरही ठरलेलं होतं: "आप्पा, राउटरची पिन काढा, दहा मोजा, परत लावा." कॅमेरा परत यायचा. दोन-चार तास गेले, किंवा दुसऱ्या दिवसाची पहाट झाली, की पुन्हा तोच फोन.

मळ्यावर पंपाच्या खोलीत तळहातावर मावेल एवढा प्रवासी राउटर आहे. एका कोअरचा ५८० मेगाहर्ट्झचा मिप्स प्रोसेसर, १२८ एमबी रॅम, १६ एमबी फ्लॅश (कायमची साठवण) आणि त्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची लिनक्स प्रणाली. इंटरनेट सिमच्या डोंगलवरून येतं. राउटरला दोन कॅमेरे आणि एक छोटं हवामान केंद्र जोडलेलं आहे. ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत तो मळ्यावर असतो, नंतर माझ्या प्रवासाच्या बॅगेत. छाटणीनंतर पोंगा, म्हणजे नवा कोंब, फुटला की डावणी या बुरशीच्या रोगाची धास्ती सुरू होते. रात्री पान किती तास ओलं राहिलं, आर्द्रता किती होती, हे सकाळी पाहून फवारणी ठरते. ज्या रात्री पाऊस येतो, नेमक्या त्याच रात्रीचे आकडे गायब असले तर आप्पांना अंदाजावर टाकी भरावी लागते. म्हणून मला हे मुळापासून सोडवायचं होतं.

मळ्यावरचा कॅमेरा आणि आकडे घरून पाहायला मेश व्हीपीएन, म्हणजे आपली उपकरणं इंटरनेटवरून एकमेकांना जोडणारं खासगी जाळं, का लागतं ते थोडक्यात सांगतो. सिमवरच्या इंटरनेटला सहसा स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही. हजारो ग्राहक एकाच पत्त्याच्या आड असतात आणि आतून बऱ्याचदा १००.६४.०.०/१० या पट्ट्यातले पत्ते वाटलेले असतात. हा पट्टा २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवला गेला. त्यामुळे बाहेरून मळ्यावरच्या राउटरचं दार ठोठावताच येत नाही, पोर्ट फॉरवर्डिंगचा (बाहेरची हाक आतल्या यंत्राकडे वळवण्याचा) उपयोग होत नाही. मेशमध्ये दोन्ही टोकं आतून बाहेर हाक मारतात आणि मध्ये त्यांची गाठ पडते. मी टेलस्केल ही मेश सेवा वापरतो. खालचं बरंचसं मात्र गो भाषेत लिहिलेल्या कोणत्याही मेशला लागू पडेल.

आता मूळ मुद्दा. "मेश पडली" हे एकच लक्षण दिसतं, पण त्यामागे चार-पाच वेगळी दुखणी असतात. नेटवर्कला हात लावण्याआधी ती कधी पडते ते पाहा. आणि पिन काढू नका. ओपनडब्ल्यूआरटीचा लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, रॅममध्ये असतो, वीज तोडली की तो पुसला जातो. आप्पांना मी पिन काढायला सांगत होतो तेव्हा दर वेळी पुरावाच पुसायला सांगत होतो. हे उशिरा लक्षात आलं आणि त्यात अख्खा पोंग्याचा काळ गेला.

तर आधी मळ्यावर जा, लॅपटॉप राउटरच्या वायफायला जोडा, एसएसएचने (कमांड देण्यासाठीच्या सुरक्षित जोडणीने) आत शिरा आणि तीन कमांड देऊन पाहा: राउटर किती वेळ चालू आहे ते सांगणारी 'अपटाइम', मोकळी रॅम दाखवणारी 'फ्री' आणि लॉग दाखवणारी 'लॉगरीड'. अपटाइम दहा मिनिटांचा दिसला तर राउटर स्वतःच बंद-चालू झालेला आहे, म्हणजे दोष विजेत किंवा तारेत. अपटाइम तीन दिवसांचा असून मेश गायब असेल तर राउटर जिवंत आहे, फक्त टेलस्केल मेलेलं किंवा अडकलेलं आहे. एवढ्या एका आकड्याने अर्धं निदान होतं.

माझ्याकडे पहिल्यांदा अपटाइम दोन दिवसांचा निघाला. लॉगमध्ये कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, ओळ होती: 'आउट ऑफ मेमरी', आणि पुढे टेलस्केलच्या सेवेला मारल्याची नोंद. रॅम संपली की कर्नल जास्त जागा खाणारा प्रोग्राम निवडून बंद करतो. या राउटरवर तसा प्रोग्राम एकच, टेलस्केल. सेवा परत उठायची, थोड्या वेळाने परत मरायची. वारंवार मरणारी सेवा उठवणं सेवांवर लक्ष ठेवणारा व्यवस्थापक प्रोग्राम काही प्रयत्नांनंतर सोडून देतो. तिथून पुढे शांतता.

रॅम का संपते, हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण इथे सर्वांत जास्त फसगत होते. टेलस्केलच्या फाइली १६ एमबीच्या फ्लॅशमध्ये मावत नाहीत. मग माणूस दोन वाटा शोधतो. एक, यूपीएक्सने फाइल दाबून बारीक करायची. दुसरी, राउटर चालू होताना फाइल टेम्प फोल्डरमध्ये उतरवायची. मी दोन्ही करून पाहिल्या आणि दोन्ही वेळा फ्लॅशची अडचण रॅमच्या माथी मारली. टेम्प फोल्डर म्हणजे रॅमच, त्यामुळे तिथे ठेवलेली प्रत्येक एमबी रॅममधून वजा होते.

यूपीएक्सचं दुखणं जास्त आतलं आहे. साधी, न दाबलेली फाइल फ्लॅशवर किंवा पेनड्राइव्हवर असली की कर्नल तिचा लागेल तेवढाच भाग रॅममध्ये आणतो, आणि जागा कमी पडली तर तो भाग टाकून देतो, कारण गरज पडल्यावर तो फाइलमधून पुन्हा वाचता येतो. कणगीतून लागेल तसं धान्य काढावं तसं. दाबलेली फाइल मात्र सुरू होतानाच सगळी रॅममध्ये उलगडते. उलगडलेल्या भागाची मूळ प्रत त्या रूपात कुठेच नसते, म्हणून कर्नलला तो टाकूनही देता येत नाही. पोतं एकदा खळ्यावर ओतलं की खळं अडतं, तसंच. फाइल बारीक दिसते म्हणून रॅम वाचेल असं वाटतं, आणि होतं उलटं.

यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे राउटरच्या यूएसबी खाचेत एक छोटा पेनड्राइव्ह. तो लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीने फॉरमॅट करायचा आणि त्यावर टेलस्केलची न दाबलेली फाइल ठेवायची. पेनड्राइव्हच्या नेहमीच्या फॅट पद्धतीत ठेवलात तर सिमलिंक (एका फाइलीला दुसरं नाव देणारे दुवे) बनत नाहीत, आणि इथे सिमलिंक लागते, कारण दोन वेगळ्या फाइलींऐवजी मी एकच एकत्रित फाइल तयार केली. टेलस्केलमध्ये तशी सोय आहे: बांधणीच्या (मूळ कोडपासून प्रोग्राम तयार करण्याच्या) वेळी 'टीएस इन्क्लूड सीएलआय' हा टॅग द्यायचा, डीबगची माहिती गाळायची, आणि तीच फाइल दोन नावांनी चालवायची. बांधणी लॅपटॉपवरच करा. माझ्या चिपला बांधणीचे 'मिप्सएलई' आणि 'सॉफ्टफ्लोट' हे दोन्ही पर्याय लागले. चिपमध्ये दशांशी गणिताचं वेगळं युनिट नाही, सॉफ्टफ्लोट विसरलात तर प्रोग्राम 'इलीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून लगेच मरतो. काही जुन्या प्रवासी राउटरांच्या चिप साध्या 'मिप्स' म्हणजे उलट्या बाइटक्रमाच्या असतात. त्यांना मिप्सएलईची फाइल दिली तर ती चालतच नाही आणि त्रुटीचा संदेश असा येतो की फाइलच बिघडली असं वाटावं.

पेनड्राइव्ह वाचण्यासाठी यूएसबी स्टोरेज, ईएक्सटी४ आणि ब्लॉक माउंट ही पॅकेजं आधी फ्लॅशवर बसवावी लागतात. ती लहान आहेत, मावतात. माउंट करताना (ड्राइव्ह प्रणालीला जोडताना) ड्राइव्हचा यूयूआयडी, म्हणजे त्याचा न बदलणारा ओळख क्रमांक, द्या. डोंगल आणि पेनड्राइव्ह एकाच हबवर असतील तर बूटच्या वेळी त्यांचे क्रम बदलतात.

यासोबत झेडरॅम स्वॅप चालू केलं. ते रॅमचाच एक भाग दाबून वापरतं, त्यामुळे क्वचित लागणारी पानं कमी जागेत बसतात. पेनड्राइव्हवर स्वॅप फाइल ठेवण्याचा सल्लाही ऐकायला मिळतो. मी तो घेत नाही. सतत लिहून स्वस्त पेनड्राइव्ह झिजतो, आणि तो ज्या दिवशी जाईल त्या दिवशी त्याच्यावरचं टेलस्केलही जाईल.

तिसरी गोष्ट गो भाषेची. गो आपला कचरा किती वेळाने झाडतं हे 'गोजीसी' या चलावर ठरतं. मूळ आकडा १००, म्हणजे वापरातली मेमरी साधारण दुप्पट झाल्यावर सफाई. सेवेच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये मी तो १० केला तेव्हा रॅम बरीच मोकळी झाली, पण प्रोसेसर सतत झाडतच बसला आणि कॅमेऱ्याचं चित्र अडखळू लागलं. ३० वर दोन्हींचं जमलं. 'गोमेमलिमिट' नावाची मर्यादाही २०२२ साली आलेल्या गो १.१९ पासून आहे. ती फार आवळू नका. ती कडक भिंत नसते, जवळ पोहोचलं की गो पुन्हा पुन्हा झाडायला लागतं आणि एका कोअरच्या चिपचा सगळा जीव त्यातच जातो.

बाकी रॅम खाणारं जे मळ्यावर लागत नाही ते बंद केलं: जाहिराती अडवणाऱ्या याद्या, फाइल शेअरिंग, राउटरसोबत आलेली दूरस्थ व्यवस्थापनाची सेवा. जाहिरातींची मोठी यादी एकटीच टेलस्केलची जागा खाऊन बसते.

एवढं झाल्यावर दिवसा मेश टिकू लागली. पहाटेचं दुखणं उरलं.

आमच्या भागात शेतीची थ्री फेज पाळीने येते. पंपाच्या खोलीतली लाइन गेली की राउटर बंद, आली की चालू. राउटर उठायचा, वायफाय दिसायचं, इंटरनेटही चालायचं, पण मेश नाही. लॉगमध्ये एक्स५०९ची, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सुरक्षा प्रमाणपत्राची, तक्रार दिसत होती: प्रमाणपत्र अजून वैध झालेलं नाही. 'डेट' कमांड दिली तर राउटरच्या मते अजून श्रावणच चालू होता.

या छोट्या राउटरमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. ओपनडब्ल्यूआरटी चालू होताना सेटिंगच्या ईटीसी फोल्डरमधली सर्वांत ताजी फाइल शोधतं आणि तिची तारीख हीच आजची तारीख धरतं. मी शेवटचं सेटिंग श्रावणात बदललं होतं, म्हणून राउटर श्रावणात उठला. टेलस्केलच्या समन्वय सर्व्हरचं प्रमाणपत्र त्यानंतरचं, त्यामुळे ते त्याला भविष्यातलं वाटलं आणि त्याने दार लावून घेतलं. टेलस्केलच्या पायाशी असलेल्या वायरगार्ड या व्हीपीएनचंही असंच आहे. त्याच्या पहिल्या हस्तांदोलनात वेळेचा शिक्का असतो आणि समोरचा आधी पाहिलेल्या शिक्क्यापेक्षा जुना शिक्का स्वीकारत नाही. साधं वायरगार्ड वापरणाऱ्यांनाही हे भोवतं.

मग राउटर इंटरनेटवरून वेळ का घेत नव्हता? कारण वेळेच्या सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता शोधायला डीएनएस लागतो, आणि मी राउटरचा डीएनएस मेशच्या १००.१००.१००.१०० या पत्त्यावर टाकला होता. मेश उठेना कारण वेळ चुकीची, वेळ मिळेना कारण मेश नाही. आधी कोंबडी की आधी अंडं.

यावर तीन गोष्टी केल्या. राउटरवर टेलस्केलचा 'अ‍ॅक्सेप्ट डीएनएस' हा पर्याय बंद केला. नावं लागतात ती लॅपटॉपला आणि फोनला, राउटरला नाही. एनटीपीच्या, म्हणजे वेळ देणाऱ्या सर्व्हरांच्या, यादीत नावांसोबत एक सरळ आकडी पत्ता घातला, गूगलच्या वेळ सर्व्हरचा २१६.२३९.३५.०, म्हणजे डीएनएस नसला तरी वेळ मिळते. आणि ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमध्ये दर सहा तासांनी ईटीसीतल्या एका रिकाम्या फाइलवर 'टच' (फाइलीची तारीख ताजी करणारी कमांड) ठेवलं. आता वीज कधीही गेली तरी राउटर फार तर सहा तास आणि वीज नसलेला वेळ एवढाच मागे असतो. दिवसातून चार वेळा एवढंसं लिहिल्याने फ्लॅशचं काही बिघडत नाही. घड्याळाने उडी मारली की ओपनडब्ल्यूआरटी हॉटप्लगच्या (काही घडलं की आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टच्या) एनटीपी फोल्डरमधल्या स्क्रिप्टना खबर देतं, तिथे टेलस्केल पुन्हा सुरू करणारी एक ओळही टाकली.

याच पहाटेच्या गोंधळात आणखी एक गोष्ट सापडली. मेशच्या यादीत एकाच राउटरच्या पाच नोंदी झाल्या होत्या, नावापुढे एक, दोन, तीन असे आकडे. सुरुवातीला मी टेलस्केल हाताने चालवलं होतं आणि त्याची ओळख साठवणारी फाइल 'व्हार' फोल्डरमध्ये पडली होती. साध्या लिनक्सवर ती जागा योग्य आहे. ओपनडब्ल्यूआरटीत मात्र 'व्हार' हे 'टेम्प'चंच दुसरं नाव, म्हणजे पुन्हा रॅम. वीज गेली की राउटर आपण कोण हे विसरायचा, आणि मला मळ्यावर जाऊन परत लॉगिन करावं लागायचं. नाशिकमधल्या माझ्या इंदिरानगरपासून तिथवर पंचवीसेक किलोमीटर. ओळखीची ती फाइल ईटीसीतल्या फोल्डरमध्ये हलवली की हे कायमचं संपतं.

लॉगिनवरून आठवलं: टेलस्केलमध्ये उपकरणाची किल्ली मुळात १८० दिवसांनी संपते. मळ्यावरच्या राउटरसाठी व्यवस्थापनाच्या पानावर जाऊन किल्लीची मुदत बंद करा. ऑक्टोबरात लावलेला राउटर ऐन एप्रिलच्या खरड छाटणीच्या सुमारास गप्प होतो, आणि तेव्हा मेमरी, घड्याळ, वीज सगळं ठीक असल्यामुळे शोधणारा गोंधळून जातो.

विजेचं एक सांगायचं राहिलं. आप्पांनी सांगितलं, "मोटर टाकली की तुझा डबा डोळे मिचकावतो." अगदी बरोबर निरीक्षण. मोटर सुरू होताना दाब पडतो, आणि जुना मोबाइल चार्जर डोंगल व पेनड्राइव्हसकट राउटरला धरून ठेवू शकत नाही. चांगला ५ व्होल्ट २ अँपिअरचा चार्जर, आखूड जाड केबल आणि मध्ये चार्ज होता होता वीज देणारी पॉवर बँक, एवढ्याने ते मिटलं. पॉवर बँक घेताना ही सोय तपासूनच घ्या. काही पॉवर बँका वीज आल्या-गेल्यावर क्षणभर पुरवठा तोडतात, आणि तेवढ्यात राउटर रीबूट होतो.

आता जोडलेली असूनही चालत नाही असं वाटणारी मेश. 'टेलस्केल स्टेटस'मध्ये राउटरसमोर 'डायरेक्ट' आहे की 'रिले' ते पाहा. दोन्ही टोकं सामायिक पत्त्यांच्या आड असली की बऱ्याचदा थेट गाठ पडत नाही आणि वाहतूक रिले, म्हणजे मधल्या, सर्व्हरवरून जाते. आमच्याकडे बहुधा बेंगळुरूचा रिले दिसतो. चालतं, पण मंद. जोडणी तपासणाऱ्या 'नेटचेक'मध्ये 'मॅपिंग व्हेरीज बाय डेस्ट आयपी' (समोरचा बदलला की बाहेरचा पत्ता-पोर्टही बदलतो) खरं दिसलं तर आयपीव्ही४ वर थेट जोडणीची आशा कमी. मला उपयोग झाला तो आयपीव्ही६ चा. घरच्या फायबरवर ते मिळत होतं. मळ्यावरचा डोंगल ते पुढे देत नव्हता, म्हणून डोंगलऐवजी जुना फोन यूएसबी टेदरिंगने जोडला, आणि दोन्ही टोकांना आयपीव्ही६ येताच 'डायरेक्ट' दिसू लागलं.

तरीही ५८० मेगाहर्ट्झच्या चिपकडून फार अपेक्षा ठेवू नका. टेलस्केल कूटलेखन कर्नलबाहेर करतं, डेटाचं प्रत्येक पाकीट कर्नलमधून बाहेर येतं आणि परत आत जातं. कॅमेऱ्याचा मेन स्ट्रीम (पूर्ण दर्जाचं चित्र) विसरा, सब स्ट्रीम (हलकं चित्र) पाहा. पिंग जातं, कॅमेऱ्याचं लॉगिन पान उघडतं आणि चित्र मात्र फिरतच राहतं, असं झालं तर पाकिटाच्या आकाराचा प्रश्न आहे. टेलस्केलचा एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, १२८० बाइट असतो. फायरवॉलमध्ये त्या इंटरफेससाठी वेगळा झोन करून 'एमएसएस क्लॅम्पिंग' चालू करा, म्हणजे पाकिटं त्या आकारात बसतील अशीच निघतात.

राउटर बॅगेत असताना भेटलेलं एक दुखणं वेगळंच होतं. मुंबईतल्या हॉटेलात टेलस्केल सुरू केलं की इंटरनेटच जायचं, बंद केलं की यायचं. हॉटेलचं नेटवर्क १९२.१६८.१.० चं, आणि माझ्या घरून मेशला जाहीर केलेलं नेटवर्कही तेच. लिनक्सवर टेलस्केल आपले मार्ग ५२ क्रमांकाच्या तक्त्यात ठेवतं आणि तो मुख्य तक्त्याच्या आधी वाचला जातो. त्यामुळे हॉटेलच्या गेटवेकडे जायची पाकिटं नाशिकच्या घराकडे निघायची. घरचं नेटवर्क १० ने सुरू होणाऱ्या आडवळणाच्या पट्ट्यात हलवलं आणि प्रश्न मिटला. मळ्याचंही बदला. १९२.१६८.८.१ हा पत्ता अनेक प्रवासी राउटर आणि डोंगल दोघेही मुळात वापरतात, त्यांची आपापसातच टक्कर होते.

एक शेवटचं दुर्मीळ दुखणं: डोंगल जर राउटरला थेट १००.६४च्या पट्ट्यातला पत्ता आणि त्याच पट्ट्यातला डीएनएस देत असेल, तर टेलस्केलचा फायरवॉल नियम ती उत्तरं टाकून देतो, कारण तोच पट्टा मेशचाही आहे. तिथे 'नेटफिल्टर मोड' बंद ठेवून फायरवॉलचा झोन आपण स्वतः करावा.

फक्त दोनच ठिकाणं जोडायची असतील आणि एका टोकाला बाहेरून पोहोचता येण्याजोगा पत्ता असेल, तर माझं मत असं की या हार्डवेअरवर मेश चालवूच नका. वायरगार्ड मार्च २०२० मध्ये लिनक्स ५.६ च्या कर्नलमध्येच आलं आहे, ते फ्लॅशवर सहज मावतं आणि रॅम नावापुरती घेतं. मी मेश ठेवली कारण आप्पांचा फोन, माझा लॅपटॉप आणि घरची हार्ड डिस्क सगळं एकमेकांना दिसायला हवं होतं.

आता मळ्यावर एक छोटी क्रॉन स्क्रिप्ट आहे. दर दहा मिनिटांनी ती घरच्या यंत्राच्या मेश पत्त्याला पिंग करते. ओळीने तीनदा उत्तर आलं नाही तर आधी लॉग, 'फ्री' आणि तारीख पेनड्राइव्हवरच्या फाइलीत लिहिते आणि मगच टेलस्केल पुन्हा सुरू करते. राउटर रीबूट करत नाही. आप्पांना मी सांगून ठेवलंय, पिनला हात लावू नका, अर्धा-पाऊण तास वाट पाहा, तरी नाही आलं तर मला फोन करा. गेल्या पावसाळी आठवड्यात त्या फाइलीत दोन नोंदी पडल्या, दोन्ही वीज आल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासातल्या, आणि पानाच्या ओलाव्याचे रात्रभराचे आकडे सकाळी सहाला आप्पांच्या फोनवर होते.